लढाई तिकडं, डिझेल इकडं

२०२२ च्या मार्चअखेर गावी गेलो होतो, कारंज्याजवळ. युक्रेनचं युद्ध सुरू होऊन महिना झाला होता आणि डिझेल रोज थोडं थोडं वाढत होतं. काकांनी ट्रॅक्टरकडे बघत विचारलं, "तिकडं लढाई लागली, त आपलं डिझेल कायले महाग होते रे?"

मी इंजिनिअर, उत्तर तयार होतं! आपण ८५ टक्क्यांच्या आसपास कच्चं तेल बाहेरून आणतो, पैसे डॉलरमध्ये मोजतो. तिकडे भाव चढला की इकडे चढणारच. काका गप्प बसले, पण मलाच ते उत्तर अपुरं वाटलं.

खरं तर वऱ्हाडाला हा अनुभव नवा नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग सगळ्यांची नजर वळली हिंदुस्थानच्या कापसाकडे, त्यात आपलं वऱ्हाडही आलं. भाव कडाडले, पेरा वाढला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव धाडकन खाली. मुंबईत प्रेमचंद रायचंदसारखा बडा व्यापारीही बुडाला. म्हणजे जगाचा भाव चढताना आला, तसाच उतरतानाही आला.

तेलाचं मात्र वेगळं झालं. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर पिंपाचा भाव तीन डॉलरवरून काही महिन्यांत जवळपास १२ डॉलरवर गेला. तेव्हा पंपावरचा दर सरकार ठरवायचं. पुढे जून २०१० मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल बाजारावर सोडलं. तत्त्व साधं होतं: जगात वाढलं तर इथे वाढेल, उतरलं तर उतरेल.

पण २०२० मध्ये कोविडमुळे कच्चं तेल कोसळलं, तेव्हा केंद्राने मार्च आणि मे मिळून डिझेलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे १६ रुपयांनी वाढवलं. स्वस्ताई पंपापर्यंत आलीच नाही. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये तेवढेच १६ रुपये कमी केले, पण तोवर तेल शंभर डॉलरच्या वर गेलं होतं. आमच्या भाषेत याला डायोड म्हणतात, करंट एकाच दिशेने जातो!

आता सोयाबीन बघा, वाशिमचं मुख्य पीक. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर जगभर तेलबिया महागल्या आणि इथे सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं. ऑगस्टमध्ये सरकारने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. नवीन माल बाजारात येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर! आवक वाढली हेही कारण होतंच, पण आयातीचा निर्णय दिल्लीचा होता.

हे सगळं पुढच्या खेपेला काकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे घ्याले गेलो त भाव जगाचा, अन् इकाले गेलो त सरकारचा."

असो. मी नुसती मान हलवली.