एक डॉलर दहा सेंटचं जेवण

परदेशात शिकायला गेलेला आपला विद्यार्थी पहिल्या आठवड्यात दोन कामं हमखास करतो. मेसच्या जेवणाला शिव्या घालतो, आणि दिसेल त्या किंमतीचे मनातल्या मनात रुपये करतो. जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला उतरलेल्या बावीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांचंही याहून फार वेगळं झालं नाही.

बाबासाहेब म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर निळा कोट आणि हातात घटना असलेला पुतळा येतो. पण धनंजय कीरांचं चरित्र वाचताना मी दरवेळी अडकतो ते खोलीभाडं, नाश्ता, लायब्ररी असल्या किरकोळ तपशिलांत. माझाही जन्म ऑनसाइटच्या पर-डायममधून पैसे वाचवण्यात गेलाय, म्हणून असेल कदाचित :-)

कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात ते जेमतेम आठवडाभर टिकले. जेवण एक तर धड शिजलेलं नसे, नाहीतर गोमांसाचं असे. मग ११४ व्या रस्त्यावरचा कॉस्मोपॉलिटन क्लब झाला, तिथे आणखी काही भारतीय विद्यार्थी राहायचे. शेवटी मुक्काम स्थिरावला तो लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये, नवल भथेना या पारशी मित्रासोबत. ही मैत्री मग जन्मभर टिकली.

आता हिशोब. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती महिना साडेअकरा पौंड. तेव्हाच्या दराने साधारण ५६ डॉलर, म्हणजे दिवसाला पावणेदोन डॉलरच्या थोडे वर. कीर लिहितात की एक कप कॉफी, दोन मफिन आणि मांसाची किंवा मासळीची एक बशी, एवढ्याला एक डॉलर दहा सेंट पडत. म्हणजे एका जेवणात दिवसाचा निम्म्याहून जास्त पैसा खलास! शिवाय यातूनच घरी रमाबाईंनाही पैसे पाठवायचे. एवढं करून या माणसाने न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून दोनेक हजार पुस्तकं जमवली. पोट कुठे कापलं गेलं असेल ते वेगळं सांगायला नको.

पैशांइतकीच वेळेचीही टंचाई होती. शिष्यवृत्ती मोजक्या वर्षांची, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार. त्यामुळे त्यांनी घेतलेल्या विषयांची यादी बघून छाती दडपते. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच-जर्मनचा एकेक. एकूण साठ! पदवीला एवढ्यांची गरज नव्हती. हॉटेल सोडायच्या दिवशी बुफेवर ताव मारावा तसं हे वाटतं, फक्त इथे भूक खरी होती.

मी एकदा रविवारी १ नंबरच्या सबवेने ११६ व्या रस्त्यावर उतरून तिथे हिंडून आलोय. हे स्टेशन १९०४ चं, म्हणजे बाबासाहेबांच्या वेळीही होतं. हार्टली हॉल अजून त्याच नावाने उभा आहे, लिव्हिंग्स्टनचं नाव बदलून वॉलाक हॉल झालंय. त्यांच्या काळातली मुख्य लायब्ररी म्हणजे घुमटवाली लो लायब्ररी. तिच्या पायऱ्यांवर आजही पोरं सँडविच खात बसलेली असतात.

त्या पायऱ्यांवर बसून मला आठवलं ते साताऱ्याचं. शाळेत हाच मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा. तहान लागली तर नळाला हात लावायची सोय नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसेल तर नाही. आणि इथे तो इतरांसारखाच एका टेबलाशी बसून महाग मफिनचा हिशोब करत होता. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्याने भारतातल्या जातींवर निबंध वाचला, तोही असाच, बरोबरीच्या पोरांमध्ये बसून. मला तर वाटतं की साठ अभ्यासक्रमांपेक्षा ही साधी रोजची बरोबरीच त्याला जास्त शिकवून गेली असेल.

लंडनचं प्रकरण जास्त खडतर. सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची बचत, शाहू महाराजांची मदत आणि भथेनांकडून घेतलेलं कर्ज एवढ्या भांडवलावर ते १९२० मध्ये परत लंडनला गेले. सकाळी घरमालकिणीने दिलेला टोस्टचा पातळ तुकडा, थोडी मासळी आणि कपभर बोव्हरिल. मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय. दुपारचं जेवण रद्द, त्यात पैसेही वाचतात आणि वेळही. रात्री भूक अगदी असह्य झाली की ओळखीच्या कुणी दिलेले पापड भाजून खायचे.

आणि यात एक गंमत आहे, क्रूर गंमत. १९२० च्या सुरुवातीला रुपया दोन शिलिंगांच्याही वर गेला होता, १९२१ मध्ये तो सव्वा शिलिंगाच्या आसपास घसरला. दोन शिलिंगांच्या दराने ५००० रुपयांचे ५०० पौंड होतात, सव्वाच्या दराने जेमतेम ३१२. म्हणजे रुपयांतली पुंजी घेऊन लंडनला आलेल्या विद्यार्थ्याचं जेवण हुंडणावळीच्या दराबरोबर लहान होत होतं. आणि या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा विषय काय? रुपयाचा प्रश्न! आपण डॉलरचा रेट बघून पैसे कधी पाठवायचे ते ठरवतो, या गृहस्थांनी त्या रेटवर डी.एस्सी. मिळवली (१९२३).

पण या दोन शहरांच्या मधलं बडोदं राहिलंच. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये ते लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतले. पुस्तकांचं सामान वेगळ्या बोटीने येत होतं, ती महायुद्धात पाणतीराने बुडाली. भरपाईचे ६०० रुपये मिळाले आणि त्याच पैशांतून ते करारातल्या नोकरीसाठी बडोद्याला गेले.

तिथे पहिला प्रश्न तोच, न्यूयॉर्कमध्ये पहिल्या आठवड्यात पडला होता तो. राहायचं कुठे? परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहिलंय. बडोद्यात ती परत यायला स्टेशनाबाहेर पडायचाच अवकाश होता. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही, म्हणून पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले. भाडं रोज दीड रुपया. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन दारात आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगितली. शहरात दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिश्चन. दोघांनीही सबबी सांगितल्या.

मुंबईची गाडी रात्रीची होती. कोलंबियाचा एम. ए., ज्याचा जातींवरचा निबंध त्याच वर्षी मे महिन्यात 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला होता, तो गाडीची वेळ होईपर्यंत कामाठी बागेत बसून राहिला.