किरण द्यावे, पण केव्हा?

लघवीचा विषय चारचौघांत काढू नये असा आपल्याकडे संकेत आहे. तो आम्ही आज मोडणार आहोत, याबद्दल श्रोत्यांनी क्षमा करावी. पण व्याख्यानाला आले की दाराजवळचीच खुर्ची धरणारे वृद्ध गृहस्थ आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. ती जागा का, हे कोणी विचारीत नाही आणि ते सांगत नाहीत.

प्रोस्टेट ग्रंथी मूत्राशयाच्या तळाशी, मूत्रमार्गाला वेढून असते. कर्करोग झाल्यास ती समूळ काढून टाकण्याची शस्त्रक्रिया बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ साली केली. ग्रंथीबरोबर मधला मूत्रमार्गही जातो; मग मूत्राशयाचे तोंड खाली ओढून उरलेल्या मार्गाला सांधावे लागते. लघवी धरून ठेवण्याचा भार त्यानंतर मुख्यतः खालच्या स्नायूवर पडतो. त्याला सावरायला महिने लागतात.

रोगाचा अंश मागे राहिला असेल, तर त्या रिकाम्या जागेवर किरण सोडतात. अडचण अशी की, तो सांधाही नेमका तेथेच असतो. किरण रोगी पेशींना मारतात खरे, पण शेजारच्या निरोगी भागातील बारीक रक्तवाहिन्यांनाही इजा करतात. तो भाग आकसतो, मार्ग अरुंद होतो, लघवी अडते किंवा गळते. कधी काही वर्षांनी तिच्यातून रक्त जाते.

अमेरिकेत १९८८ पासून ४२५ रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतर लगेच किरण दिले, इतरांवर केवळ लक्ष ठेवले. २००६ साली निष्कर्ष आले. किरण घेतलेल्यांत मूत्रमार्ग अरुंद झालेले शेकडा १७.८, न घेतलेल्यांत ९.५, लघवीवरचा ताबा पूर्ण गेलेले अनुक्रमे ६.५ आणि २.८. पुढे २००९ साली दिसले की, किरण घेतलेले अधिक जगले. मग डॉक्टरांनी लगेच किरण द्या म्हटले, तर त्यांना दोष कसा द्यावा? जीव वाचत असेल तर धोतर ओले झाले म्हणून काय बिघडले, असे म्हणणे सोपे असते. म्हणणाऱ्याचे धोतर कोरडे असते, एवढेच.

या कोंडीतून वाट दाखविली ती रक्ताच्या तपासणीने. प्रोस्टेटमधील पीएसए नावाचे प्रथिन १९७९ साली अमेरिकेतील बफेलो येथे वेगळे काढण्यात आले. ग्रंथी काढल्यावर ते रक्तात जवळजवळ दिसू नये. पुन्हा दिसू लागले तर रोग डोके वर काढीत आहे असे समजावे. मग सरसकट सर्वांना किरण का द्यावे? ते वाढेल त्यालाच द्यावे! ‘रॅडिकल्स’ या चाचणीने ब्रिटन, डेन्मार्क, कॅनडा आणि आयर्लंड येथील १,३९६ रुग्णांवर हेच पडताळले. २०२० साली प्रसिद्ध झालेले आकडे आम्हांला या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलके वाटतात. वाट पाहिलेल्या गटात तोवर सुमारे तिघांपैकी एकालाच किरण घ्यावे लागले होते. पाच वर्षांनी पीएसएच्या दृष्टीने रोग आटोक्यात असलेले लगेच किरण घेतलेल्या गटात शेकडा ८५, वाट पाहिलेल्यांत ८८. म्हणजे घाईने काही पदरात पडले नाही. एका वर्षानंतर रुग्णांनाच विचारले, तेव्हा लघवी गळण्याचा त्रास घाई केलेल्या गटानेच अधिक सांगितला. मात्र वाट पाहणाऱ्याने रक्ताची तपासणी चुकविता कामा नये. या चाचणीत पीएसए ०.१ झाला, किंवा लागोपाठ तीनदा वाढला, की किरण देत. रोग फार उग्र असेल तर डॉक्टर अजूनही लवकर किरण सुचवितात, तेही योग्यच.

मात्रेचाही असाच अनुभव आला. स्वित्झर्लंड, जर्मनी व बेल्जियम येथील ३५० रुग्णांत ६४ ऐवजी ७० ग्रे इतके किरण देऊन पाहिले. २०२१ साली कळले की, रोग परतण्याचे प्रमाण त्याने घटले नाही.

बाकीचे उपाय साधे आहेत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम हा एक. दुसरा, प्रत्येक बैठकीपूर्वी ठराविक पाणी पिऊन मूत्राशय भरून येणे. म्हणजे त्याचा वरचा बराच भाग किरणांच्या वाटेतून दूर सरतो. आता ज्याला लघवी धरवत नाही, त्याने भरलेले मूत्राशय घेऊन यंत्राखाली निश्चल कसे पडावे? म्हणूनच, रोग थांबू देत असेल तर, आधी स्नायूला सावरू देतात आणि मग किरणांची तारीख ठरवितात.