बॅटलस्टार गॅलेक्टिका : सिंगापूरचे जुळे रोलर कोस्टर

सेंतोसा बेटावरील युनिव्हर्सल स्टुडिओजमधील हे ४२.५ मीटर उंचीचे जुळे रोलर कोस्टर मार्च २०१० मध्ये सुरू झाले आणि आठवडाभरातच तांत्रिक दोषामुळे बंद ठेवावे लागले. कोणीही जखमी झाले नव्हते. तरीही ते फेब्रुवारी २०११ मध्येच पुन्हा खुले झाले. जुलै २०१३ मध्ये फेरतपासणीसाठी ते पुन्हा थांबविण्यात आले. मे २०१५ मध्ये ते परतले, तेव्हा चार आसनी डब्यांची जागा दोन आसनी डब्यांनी घेतली होती. मधल्या काळात सिंगापूरने २०११ मध्ये अशा पाळण्यांच्या सुरक्षेचा स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार परवान्याविना ते चालविता येत नाहीत. अपघातानंतरची कसोटीही याहून सैल असू शकत नाही : बिघाडाचे कारण सापडून केलेला बदल रिकाम्या फेऱ्यांत सिद्ध होईपर्यंत प्रवासी बसवू नयेत.