तेल्याची पेंड आणि नेगेवची माती

आपल्या पूर्वजांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत, हे आपल्या नातवंडांनाही पाठ आहे. शब्बाथला घाणा बंद, म्हणून शनिवार. परंतु तेल काढल्यावर जी पेंड उरे तिचे काय होई, हे कोणी फारसे सांगत नाही. तिळाची व खोबऱ्याची पेंड गुरे खात, आणि गुरांचे शेण उकिरड्यातून वाडीत जाई. एरंडीची पेंड विषारी; ती गुरांना चालत नाही, खत म्हणून सरळ झाडाच्या आळ्यात पडते.

तशी गरजही होती. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात पाऊस असा कोसळतो की तांबड्या मातीतला कस धुऊन जातो व जमीन आंबट होते. म्हणूनच तिकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजीत. शेण, पालापाचोळा, झाडांचे टहाळ पसरून जाळायचे. राखेने आंबटपणा कमी होतो आणि तणाचे बीही मरते.

हीच विद्या आम्ही बीरशेबाच्या अंगणात वापरली आणि फजीत पावलो. राख टाकली, तर लिंबाची नवी पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. आम्ही जन्मभर नर्सिंग केले, पण झाडाला पंडुरोग झाला आहे हे सांगायला शेजारची मोरोक्कन म्हातारी यावी लागली! नेगेवची माती मुळातच चुन्याची. तिच्यात लोह असते, पण मुळांना ते घेता येत नाही, आणि राखेने हा दोष वाढतो. शिवाय ही वाऱ्याने आणून टाकलेली बारीक धूळ. पहिल्या सरीतच तिच्यावर जखमेसारखी खपली धरते व पाणी वरून निघून जाते.

या खपलीचाच उपयोग प्राचीन शेतकऱ्यांनी करून घेतला. टेकड्यांवरून वाहणारे पाणी ते दगडी बांध घालून खालच्या शेतांत अडवीत. प्रोफेसर मिखाएल एवेनारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शिवता व अवदात येथे अशी शेते पुन्हा उभी केली. पण नुसत्या पाण्याने भागत नाही. शिवता येथे बायझंटाईन काळातले कबुतरखाने सापडले आहेत. संशोधकांनी तिथली हाडे मोजली, तेव्हा पक्षी लहान चणीचे निघाले. मांसासाठी पोसलेले नव्हेत, विष्ठेसाठी पाळलेले! द्राक्षमळे त्या खतावर पोसले जात. कबुतरे पिकांचे दाणेही टिपतात, म्हणून मिश्नाच्या बाबा बथ्रात कबुतरखाना गावापासून ५० हात दूर ठेवण्यास सांगितले आहे. शेजाऱ्यांची भांडणे तेव्हाही होतीच.

आमच्या अंगणाला मात्र उतारा मिळाला तो इंदूरचा. आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात तेथे खताची एक पद्धत बसवली. त्यावरील १९३१ च्या पुस्तकावर यशवंत वाड यांचेही नाव आहे, पण जगाने हॉवर्ड तेवढे लक्षात ठेवले. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व थोडी राख थराथरांनी रचायची, ओलावा राखायचा, ढीग परतत राहायचा. आत उष्णता धरते व सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. आम्ही राख वगळली. भाजीची साले, वाळका पाला आणि कोंबड्यांचे खत, एवढ्यावर चौथ्या हिवाळ्यात खपली धरणे थांबले व मातीत गांडुळे दिसली. (खत हाताळणाऱ्यांनी धनुर्वाताची लस दर १० वर्षांनी टोचून घ्यावी. ही सवय सुटत नाही, क्षमा असावी.)

शमिताच्या वर्षी जमिनीला खत घालता येत नाही. मागचे वर्ष ५७८२, म्हणजे २०२१-२२ होते. पुढचे ५७८९, ते २०२८ च्या रोश हाशानाला लागेल. ज्यांना ढीग रचायचा आहे त्यांनी खत त्यापूर्वीच मातीत मिसळेल असा हिशेब धरावा.