स्मृतिभ्रंशाचा इतिहास आणि आपली साठी



आमच्या युनियनच्या कचेरीत एक वृद्ध गिरणी कामगार नेमाने येत असत. सारा जन्म मागावर गेलेला. गिरणी बंद पडून वर्षे लोटली होती. थकबाकीची चौकशी करावी, वर्गणी भरावी आणि जावे. पुढे ते एकाच दिवशी दोनदा वर्गणी भरू लागले. मग एका पहाटे, भोंगा झाला म्हणून, डबा घेऊन बंद फाटकापाशी जाऊन उभे राहिले. आम्ही कचेरीतली मंडळी हसलो. ‘साठी बुद्धी नाठी’ असे आम्हीच म्हणालो. त्या हसण्याची आज आम्हांस लाज वाटते, म्हणून हा विषय निवडला. आम्ही डॉक्टर नव्हे; रात्रीच्या वाचनावर शिकलेले कामगार कार्यकर्ते आहोत. तेव्हा औषध सांगत नाही, इतिहास सांगतो.

१९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटेर नावाची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून, तिचे वय अवघे ५१. ती नवऱ्यावर नाहक संशय घेई. स्वतःचे नाव लिहावयास सांगितले तर अर्ध्यावर थांबे. डॉ. अल्झायमर यांनी तिची उत्तरे टिपून ठेवली. १९०६ च्या एप्रिलात ती वारली. तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशींच्या बाहेर कसल्याशा पदार्थाचे साठे आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते दिसले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथे डॉक्टरांच्या सभेपुढे त्यांनी हे मांडले. सभेतून एकही प्रश्न आला नाही!

१९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगास अल्झायमरचे नाव दिले. तरी पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तो ऐन वयातला दुर्मिळ रोग समजला गेला. म्हाताऱ्यांचे विसरणे हे वार्धक्यच, असे युरोपातील पंडितही मानीत. म्हणजे आपली म्हण केवळ अडाण्यांची नव्हती. १९६८ साली इंग्लंडात ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचे मेंदू तपासले आणि त्यांतही तेच साठे आढळले. म्हातारचळ म्हणून सोडून दिलेली गोष्ट बहुधा रोग असते, हे तेव्हापासून मान्य होत गेले.

हा पदार्थ कोणता? १८५४ साली फिर्शो यांनी शरीरातील अशा साठ्यांना ‘अमायलॉइड’, म्हणजे पिष्टासारखे, हे नाव दिले, कारण आयोडीनने ते पिठाप्रमाणे रंगत. पाचच वर्षांत ते पिष्ट नसून प्रथिन असल्याचे कळले. चुकीचे नाव मात्र टिकले. मेंदूतील साठ्यांचे प्रथिन १९८४ साली ग्लेनर आणि वाँग यांनी ओळखले. पेशीच्या आवरणातील एका मोठ्या प्रथिनाचे तुकडे पडतात. ते वेळच्या वेळी निघून गेले नाहीत म्हणजे एकमेकांस चिकटून साचतात. हे साचणे लक्षणे दिसण्याच्या सुमारे १५ ते २० वर्षे आधी सुरू होते. साठे असूनही शहाणपण शाबूत राहिलेले वृद्धही असतात, तेव्हा सारा दोष या एकाच पदार्थावर टाकता येत नाही. हे साठे कमी करणाऱ्या एका औषधास अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली. त्याने ऱ्हास थोडा मंदावतो, थांबत नाही. आणि मेंदूस सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

आता सूक्ष्मदर्शक बाजूस ठेवून आपल्या शहराकडे पाहू. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांस स्मृतिभ्रंश असावा; स्त्रियांत, खेड्यांत आणि कमी शिकलेल्यांत प्रमाण अधिक. २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत लहानपणी अपुरे शिक्षण, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, दूषित हवा आणि एकटेपणा आहे. ही यादी वाचताना आम्हांस सोलापूरचे यंत्रमागाचे कारखाने दिसले. शाळा सोडून मागावर आलेला मुलगा, खडखडाटात चाळीस वर्षे, पन्नाशीत कान गेलेले. ऐकू येत नाही म्हणून चारचौघांत बसणे सुटलेले. प्रत्येकाला हा रोग होतो असे नव्हे. परंतु कानांचे रक्षण, रक्तदाबाची तपासणी आणि शाळा ह्या मागण्या बुद्धीच्याही रक्षणाच्या मागण्या आहेत, हे आम्हांस उशिरा उमगले.

दुसरा भार घरच्यांवर पडतो. दिवसभर विड्या वळायच्या आणि रात्री सासऱ्यांना दारातून परत आणायचे, ही पाळी कोणत्या हजेरीपुस्तकात लिहिली जाते? गोव्यात ८१ कुटुंबांवर एक प्रयोग झाला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. थोडे प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरोघर जात, रोग समजावून सांगत, वागवावे कसे ते शिकवीत. सहा महिन्यांत सेवा करणाऱ्यांच्या मनावरचा ताण हलका झाला. यास मोठी यंत्रसामग्री लागली नाही. दार ठोठावणारा माणूस लागला. हे काम आपले दवाखाने, आशाताई आणि आमच्यासारख्या संघटना मिळून का करू शकणार नाहीत?

आमचे ते वृद्ध सहकारी आज नाहीत. पुढे त्यांच्या सूनबाईंनी आम्हांस एवढेच विचारले, “साहेब, हे आधी कोणी सांगितलं का नाही?” आम्हांपाशी उत्तर नव्हते. ट्युबिंगेनच्या सभेत प्रश्न विचारला गेला नाही. सोलापूरच्या सभेत तो विचारला जावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.