सुधारणेची किंमत : अंधांच्या संगणकाचा एक अध्याय

इतिहासात ‘सुधारणा’ हा शब्द फार विश्वासाने वापरला जातो. सुधारणा झाली म्हणजे सर्वांचेच भले झाले, असे आपण गृहीत धरतो. परंतु ती कोणाच्या सोयीसाठी झाली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे विचारल्याशिवाय इतिहासाचा हिशेब पुरा होत नाही. अंधांच्या वाचनसाधनांच्या इतिहासातील एक लहानसा कालखंड आज आपण या दृष्टीने पाहू.

प्रथम थोडे मागे जाणे अवश्य आहे. लुई ब्रेल याने टिंबांची आपली लिपी १८२९ साली प्रसिद्ध केली. पॅरिसच्या ज्या अंधशाळेत तो शिकला व पुढे शिकवू लागला, तेथील विद्यार्थ्यांनी ती तत्काळ आपलीशी केली. परंतु १८४० साली दुफो हे शाळेचे संचालक झाले. त्यांनी ही लिपी बंद करून डोळसांचीच अक्षरे उठावाची करून वापरात आणली. अंधांनी डोळसांसारखेच वाचावे, ही त्यामागची भूमिका दिसावयास उदारच होती. पण बोटांना अक्षरांच्या वळणांपेक्षा टिंबे लवकर उमगतात, ही गोष्ट बोटांनी वाचणाऱ्यांनाच ठाऊक होती. विद्यार्थी गुपचूप टिंबेच गिरवीत राहिले. १८४४ साली शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाच्या वेळी ब्रेल लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, आणि तिला पुन्हा मान मिळाला.

हीच कथा दीडशे वर्षांनी अमेरिकेत निराळ्या वेषात घडली. १९८१ साली आय. बी. एम. कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला. त्याच्या पडद्यावर पंचवीस ओळी आणि प्रत्येक ओळीत ऐंशी अक्षरे मावत. प्रत्येक अक्षर यंत्राच्या स्मृतीत एका ठरावीक आकड्याच्या रूपाने साठविलेले असे. साहजिकच तो आकडा उचलून कृत्रिम वाणीच्या यंत्राकडे सोपविणारा कार्यक्रम रचणे शक्य झाले. आय. बी. एम. मधील गणितज्ञ जिम थॅचर यांनी असा पडदावाचक तयार केला, आणि १९८६ च्या सुमारास तो लोकांच्या हाती आला. अपघातात दृष्टी गमावलेले टेड हेंटर यांनी १९८९ साली ‘जॉज’ हा पडदावाचक काढला. या नावाचा विस्तार ‘वाणीच्या साहाय्याने नोकरीत प्रवेश’ असा आहे. या साधनांच्या जोरावर अंध माणूस कचेरीत डोळस सहकाऱ्याच्या बरोबरीने पत्रे लिहू लागला, हिशेब ठेवू लागला. तेव्हा येथे प्रश्न केवळ वाचनाचा नव्हता, पोटाचाही होता.

मग १९९० साल उजाडले. त्या वर्षीच्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज ३.०’ ही प्रणाली आली. आणि जुलैमध्ये अपंगांना समान संधी देणारा कायदा अमेरिकेत मंजूर झाला. कायद्याने एक दार उघडले आणि त्याच वर्षी यंत्राने दुसरे बंद करावयास आरंभ केला! नव्या प्रणालीत पडदा अक्षरांचा राहिला नाही, चित्रांचा झाला. ‘ए’ हे अक्षर आता आकडा म्हणून पडद्याच्या स्मृतीत सापडेना. तेथे उरली ती रंगीत ठिपक्यांची एक आकृती. डोळसांना चित्रावर बोट ठेवल्यासारखे काम करता येऊ लागले. पडदावाचक मात्र मुका झाला.

यावर उपाय निघालाच नाही असे नाही. बर्कली सिस्टिम्स या संस्थेने १९८९ सालीच मॅकिंटॉश संगणकाच्या चित्रमय पडद्यासाठी ‘आउटस्पोकन’ हा वाचक काढला होता. विंडोजसाठीही कारागिरांनी युक्ती योजिली. प्रणाली पडद्यावर अक्षर रेखाटण्याचा हुकूम देते, तो हुकूम वाटेतच टिपून घ्यावयाचा आणि पडद्याची एक अदृश्य नक्कल तयार करावयाची. युक्ती कुशल खरी, पण पायाच परका. मूळ प्रणालीत थोडा फेरफार झाला की नक्कल बिघडे. डोळसांना जी नवी आवृत्ती, ती अंधांना पुन्हा पहिल्यापासून मेहनत, अशी ही परिस्थिती होती.

१९९५ साली ‘विंडोज ९५’ येण्याच्या सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यातील अधिकाऱ्यांनी सरकारी खरेदी थांबविण्याचा इशारा दिला, तेव्हा या तक्रारीला वजन आले. १९९७ साली मायक्रोसॉफ्टने पडदावाचकांना माहिती पुरविण्याची अधिकृत वाट बांधून दिली. परंतु त्याच वर्षी आलेल्या ‘इंटरनेट एक्सप्लोरर’च्या चौथ्या आवृत्तीतून हीच सोय गळाली, आधीच्या आवृत्तीत ती होती! अंधांनी एकच गिल्ला केला, आणि काही आठवड्यांतच सुधारलेली आवृत्ती काढावी लागली. यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, सोय एकदा मिळाली म्हणजे टिकतेच असे नाही. दुसरी, मनात आणले तर दुरुस्तीला वर्षे लागत नाहीत.

पुढील वाटचालीत २००६ साल महत्त्वाचे आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने त्या वर्षी ‘एन. व्ही. डी. ए.’ हा विनामूल्य पडदावाचक लिहावयास घेतला. जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. हा वाचक मराठी मजकूरही वाचून दाखवितो. आपल्या देशात २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, डिजिटल सेवा सर्वांच्या आवाक्यात असणे हा जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला. पण न्यायालयाचा निर्णय बँकेच्या किंवा रेल्वेच्या कार्यक्रमाची प्रत्येक नवी आवृत्ती तपासावयास येत नाही. ते काम ती आवृत्ती काढणाऱ्यानेच करावयाचे असते.

दुफो दुष्ट नव्हते, आणि चित्रमय पडदा रचणारेही नव्हते. दोघांनीही, ज्यांच्या हाती ते साधन जावयाचे त्यांना आधी विचारले नाही, एवढाच त्यांचा दोष. नवे घर बांधताना जुन्या घरातल्या आंधळ्या आजोबांचा हात भिंतीच्या कोणत्या कठड्यावर असे, हे आपण आठवणीने पाहतो. यंत्रे बांधणाऱ्यांकडून समाजाने याहून अधिक मागितलेले नाही. परंतु याहून कमी मात्र स्वीकारू नये.