अणुप्रलयानंतरचा एक खेळ आणि त्याचे टीकाकार

कोणत्याहि नव्या कलेचा इतिहास लिहितांना कृतींची यादी दिली जाते, कर्त्यांचीं चरित्रें सांगितलीं जातात. परंतु त्या कृति प्रथम लोकांपुढें आल्या तेव्हां जाणत्यांनीं त्यांस काय म्हटलें, हा भाग बहुधा गाळला जातो. आमच्या मतें तो गाळण्यासारखा नाहीं. टीकाकार कृतीचें मोल ठरवितो एवढेंच नव्हे, तर कर्ता त्याच्या हांकेच्या अंतरावर असला म्हणजे तो प्रत्यक्ष कृतींतहि फेरफार घडवून आणतो. संगीत रंगभूमीवर 'वन्स मोअर'चा गजर झाला कीं प्रसंगाचा रस मोडून नटास तेंच पद पुन्हां म्हणावें लागे, ही गोष्ट आपणांस ऐकून तरी ठाऊक आहे. प्रस्तुत लेखांत अशाच एका कृतीचा वृत्तांत द्यावयाचा आहे. फरक एवढाच कीं, ती नाटक नसून संगणकावरील खेळ आहे. 'फॉलआउट' हें तिचें नांव. अणुस्फोटानंतर आकाशांतून जी विषारी धूळ खालीं पडते तिला इंग्रजींत हा शब्द आहे.

हा खेळ इंटरप्ले या कॅलिफोर्नियांतील कंपनीनें ऑक्टोबर १९९७ मध्यें प्रसिद्ध केला. कथा थोडक्यांत अशी: इ. स. २०७७ मध्यें महायुद्ध होऊन अवघ्या दोन तासांत जग बेचिराख झालें. कांहीं लोक जमिनीखालच्या वसाहतींत दडून वांचले. चौऱ्यायशीं वर्षांनीं, म्हणजे २१६१ सालीं, त्यांपैकीं तेरा क्रमांकाच्या वसाहतींत पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा एक लहानसा भाग बिघडतो, आणि तो शोधून आणण्यासाठीं एका माणसास बाहेरच्या उजाड जगांत धाडण्यांत येतें. तो माणूस म्हणजे खेळणारा स्वतः. मुदत दीडशें दिवसांची.

हा माणूस कसा असावा हें प्रथम खेळणारानेंच ठरवावयाचें असतें. बळ, निरीक्षण, सहनशक्ति, मोहकता, बुद्धि, चपळाई आणि नशीब या सात गुणांची ठराविक शिल्लक त्याच्या हातीं दिलेली असते. एकीकडे वाढवावें तर दुसरीकडे तोटा पडतो. लढाईची रीत बुद्धिबळाची. जमिनीवर षट्‌कोनी घरें आखलेलीं असतात. ज्याची पाळी असेल त्यानेंच हालावें, पावलापावलाचें मोल हिशेबांतून वजा व्हावें, आणि हिशेब संपला कीं स्वस्थ उभें राहून शत्रूची चाल पाहावी. ज्यांनीं सोंगट्यांच्या पटावर घरें मोजून डाव वांचविला आहे त्यांस यांत अपरिचित असें कांहीं वाटणार नाहीं.

खेळाचें मूळ शोधूं गेल्यास तें १९८८ सालच्या 'वेस्टलँड' या इंटरप्लेच्याच खेळांत सांपडतें. त्या नांवाचे हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या प्रकाशकाकडे राहिल्यामुळें इंटरप्लेला दुसरें नांव घ्यावें लागलें. टिम केन या तरुण आज्ञावलिकारानें १९९४ मध्यें एकट्यानेंच कामास आरंभ केला. प्रथम स्टीव्ह जॅक्सन यांची 'गर्प्‌स' ही कागदावरील खेळाची नियमपद्धति घेण्याचें ठरलें होतें. परंतु खेळांतील हिंसेचें चित्रण जॅक्सन यांस रुचलें नाहीं, आणि १९९७ च्या आरंभीं तो करार मोडला. वर सांगितलेली सात गुणांची पद्धति ही त्या अडचणींतून अवघ्या कांहीं आठवड्यांत उभी राहिलेली आहे. पहिला टीकाकार असा खेळ पुरा होण्यापूर्वींच भेटला, आणि त्याच्या नापसंतीचें फळ गोड निघालें असेंच म्हणावें लागतें.

प्रसिद्धीनंतरचे अभिप्राय बहुतांशीं स्तुतीचे होते. ठिकठिकाणचीं जुनीं परीक्षणें एकत्र करून त्यांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संस्थेच्या हिशेबीं त्यास शंभरांपैकीं ८९ गुण पडतात. (१९९८ च्या दुसऱ्या भागास ८६ आहेत. या तीन गुणांत कोणता अर्थ भरला आहे, हें गणितज्ञच जाणे.) परीक्षकांनीं वाखाणलें तें मुख्यतः त्याचें स्वातंत्र्य. एकाच संकटांतून बंदुकीनें, चोरीनें किंवा नुसत्या बोलण्यानें पार पडतां येतें. बुद्धि अगदींच कमी ठेवली तर नायक धड वाक्यहि उच्चारूं शकत नाहीं आणि गांवचे लोक त्याच्याशीं वेडगळाशीं बोलावें तसे बोलतात. शेवटीं राक्षसी सेनेच्या अधिपतीची गांठ पडते. त्याचा समज असा कीं, आपण निर्माण केलेली नवी जातच पुढें पृथ्वीची मालक होणार. ही जात वांझ आहे याचा पुरावा त्याच्यापुढें ठेवला तर तो लढत नाहीं. खचतो आणि स्वतःचाच नाश करून घेतो. खलनायकास शास्त्रार्थांत हरविण्याची ही योजना आमच्या मतें साऱ्या खेळाचा कळस आहे.

दोष काढले गेले तेहि पाहण्यासारखे आहेत. एक आक्षेप सोबत्यांविषयीं होता, व तो अगदीं यथार्थ होता. या सोबत्यांवर खेळणाराचा ताबा नसे. ते अरुंद दारांत उभे राहून वाट अडवीत, आणि लढाईच्या भरांत शत्रूवर झाडलेल्या गोळ्या नायकाच्याच पाठींत घालीत. दुसऱ्या भागांत त्यांस बाजूस सारण्याची आणि सूचना देण्याची सोय झाली. टीकेचा असा उपयोग झाला तर कोण तक्रार करील?

दुसरा आक्षेप मुदतीचा, आणि या लेखाचें खरें प्रयोजन तोच आहे. दीडशें दिवसांचें बंधन अनेकांस जाचक वाटलें: एवढें विस्तीर्ण जग रचावयाचें, स्वातंत्र्याची ग्वाही द्यावयाची, आणि मग डोक्यावर घड्याळ टांगून ठेवावयाचें, हा विरोध नव्हे काय? आक्षेप सकृद्दर्शनीं सबळ दिसतो. परंतु पाणी आटत आलेल्या वसाहतीची कथा सांगावयाची आणि वेळेचें बंधन मात्र ठेवावयाचें नाहीं, हें दुष्काळाची गोष्ट भरल्या रांजणाशेजारीं बसून सांगण्यासारखें आहे. मुदत हें खेळाबाहेरचें बंधन नव्हतें. तोच कथेचा विषय होता. वाटेंतील एखाद्या गांवीं एखादी मुलगी दरोडेखोरांनीं पळविलेली असते; तिला सोडवावयास जावें तर आपल्या माणसांचें पाणी तितक्या दिवसांनीं घटतें. परोपकाराची किंमत दिवसांत मोजावी लागते म्हणूनच तो परोपकार ठरतो.

शिवाय कर्त्यांनीं या बंधनास एक फार मार्मिक पळवाट ठेवली होती. हब नांवाच्या बाजारपेठेंतील पाणीवाल्या व्यापाऱ्यांस पैसे देऊन वसाहतीकडे पाण्याचा तांडा धाडतां येई, आणि त्यानें शंभर दिवसांची सवड मिळे. परंतु त्या तांड्यामुळें वसाहतीचा ठावठिकाणा शत्रूस लवकर लागे. कारण आरंभापासून दुसरीहि एक मुदत चालूं असे, पांचशें दिवसांची. तेवढ्यांत राक्षसी सेनेचा निकाल लागला नाहीं तर ती वसाहतीवर चालून येई आणि सर्व कांहीं संपे. तांडा धाडला असेल तर या पांचशांचे चारशेंच उरत. आज तहान भागवावी तर उद्यांचें मरण जवळ येतें, हा पेंच नीतिपाठाच्या भाषेंत कोठेंहि सांगितलेला नाहीं. तो नुसता हिशेबांत घातलेला आहे. आमच्या मतें यापेक्षां उच्च दर्जाचें कथाकौशल्य या खेळांत दुसरें नाहीं, अधिपतीचा प्रसंग सोडला तर.

पुढें झालें तें असें: खेळणारांची कुरकुर वाढली, आणि प्रसिद्धीनंतर काढलेल्या १.१ या दुरुस्तींत ती पांचशें दिवसांची मुदत तेरा वर्षांवर नेण्यांत आली, म्हणजे व्यवहारतः काढूनच टाकण्यांत आली. पाण्याची पहिली मुदत राहिली. पण तांड्याच्या सौद्यांतील विष उतरलें. शत्रूस आतां घाई उरली नाहीं. तो आपल्या किल्ल्यांत नायकाची वाट पाहत वर्षानुवर्षें स्वस्थ बसून राहूं लागला. यांत टीकाकारांचा हेतु वाईट होता असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु मासिकाच्या ठरलेल्या तारखेच्या आंत एवढा मोठा खेळ संपवून अभिप्राय लिहावयाचा असला म्हणजे खेळांतील घड्याळाचा राग विशेष येणें स्वाभाविक आहे, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

याच जातीचा आणखी एक फेरफार प्रसिद्धीपूर्वींच झाला होता. जंकटाउन या गांवीं न्यायनिष्ठ अधिकारी किलियन आणि जुगाराचा अड्डा चालविणारा गिझ्मो यांत वैर असतें. पहिल्या आराखड्याप्रमाणें किलियन जिंकला तर त्याच्या कडक न्यायानें गांव आक्रसून जाणार होतें आणि गिझ्मो जिंकला तर भरभराटणार होतें. सज्जनास साह्य करून वाईट फळ मिळावें हें पचण्यासारखें नाहीं असें ठरून अखेर उलटापालट झाली. कर्त्यांनीं येथें माघार घेतली. पण खेळाच्या शेवटीं घेतली नाहीं. ज्या वसाहतीसाठीं नायकानें सर्व कांहीं केलें, तिचाच मुख्य त्यास दारावरून परत फिरवितो. बाहेरचें जग पाहून आलेला माणूस आंतल्या लोकांस नकोसा होतो. हा शेवट सुदैवानें कोणी दुरुस्त केला नाहीं.

टीकाकारांखेरीज दुसरेहि परीक्षक असतात. त्यांचें परीक्षण छापलें जात नाहीं, फक्त त्याचा परिणाम दिसतो. या खेळांत कोणासहि मारतां येई, लहान मुलांसहि. अर्थात् तसें करणाराचें नांव कायमचें काळें होई. ब्रिटनांत विकावयाच्या आवृत्तींतून मुलें काढून टाकण्यांत आलीं. काढलीं म्हणजे नुसतीं अदृश्य केलीं. म्हणून दुसऱ्या भागांत एका गांवच्या दुकानांच्या दाराशीं उभीं राहून खिसे कापणारीं पोरें तेथील खेळणारांस दिसत नसत, पण खिसे मात्र कापले जात!

आपल्या देशाचा संबंध येतो तो थोड्या निराळ्या वाटेनें. या उजाड जगांत दोन तोंडांच्या गाई आहेत, आणि त्यांस पहिल्या भागापासून 'ब्राह्मिन' असें म्हणतात. तिसरा भाग २००८ सालीं निघाला तेव्हां भारतांतील सांस्कृतिक संवेदनशीलता ध्यानांत घेऊन तो येथें आणणार नाहीं, असें मायक्रोसॉफ्टनें जाहीर केलें. नेमकें काय खटकलें तें सांगितलें नाहीं. लोकांनीं बोट दाखविलें तें या गाईंकडे. वास्तविक 'ब्राह्मन' हें अमेरिकेंत भारतीय वशिंडाच्या गुरांपासून तयार केलेल्या जातीचें नांव आहे, आणि खेळांतील शब्द त्यावरूनच खेळलेला दिसतो. आमच्याकडील गीर आणि कांकरेज गुरें सातासमुद्रांपलीकडे जाऊन टेक्सासच्या बाजारांत ब्राह्मन झालीं, आणि तेथून दुसरें तोंड फुटून परत येऊं लागलीं तेव्हां वेशीवरच अडलीं. एवढा विनोद आपल्या वाचकांनीं पचविला असता असें आम्हांस वाटतें. निदान त्यावर अनुकूल वा प्रतिकूल मत देण्याची संधि तरी त्यांस मिळावयास हवी होती.

आतां पाळीपाळीनें लढण्याच्या रीतीविषयीं. १९९७ च्या आरंभीं 'डायाब्लो' हा खेळ बाजारांत आला. त्यांत थांबणें नाहीं, विचार करणें नाहीं, हात चालवीत राहावयाचें. तो अफाट खपला. आपला खेळहि तसाच धांवता करावा असा आग्रह कंपनींतून होत होता, असें केन यांनीं पुढें सांगितलें आहे. त्यांनीं तो मानला नाहीं. तथापि काळाचा ओघ धांवत्याकडेच होता. १९९८ च्या 'बॉल्डर्स गेट'मध्यें लढाई अखंड चाले व हवी तेव्हां थांबवितां येई. पाळी मोजण्याची रीत आतां जुनाट झाली, असा समज दृढ होत गेला. २००१ च्या 'फॉलआउट टॅक्टिक्स'नें दोन्ही रीती ठेवून पाहिल्या. २००३ मध्यें मूळ कर्त्यांचा ब्लॅक आइल हा विभाग बंद पडला आणि २००७ मध्यें बेथेस्डा या कंपनीनें साडेसत्तावन लाख डॉलरांस फॉलआउटचे सर्व हक्क घेतले. तिनें काढलेल्या तिसऱ्या भागांत पट गेला, पाळी गेली. नेम धरण्यापुरतें काळ थांबविण्याचें एक साधन राहिलें. परीक्षकांनीं त्यास डोक्यावर घेतलें आणि जुने खेळणारे हळहळले. दोघांपैकीं कोणाचें खरें? तिसऱ्या भागांतील उद्ध्वस्त वॉशिंग्टन मनास भिडतें यांत संशय नाहीं. परंतु चूक करून ती निमूटपणें भोगण्याची जी शिस्त पटावर होती ती त्यांत नाहीं.

त्या शिस्तीची ओढ किती होती हें मार्च २०१२ मध्यें दिसून आलें. वेस्टलँडचे जुने कर्ते ब्रायन फार्गो यांनीं त्याचा दुसरा भाग पाळीपाळीच्याच रीतीनें काढण्यासाठीं किकस्टार्टरवर वर्गणी मागितली, आणि ६१,००० हून अधिक लोकांनीं २९ लाखांहून अधिक डॉलर आगाऊ मोजले. सप्टेंबर २०१४ मध्यें खेळ आला. रूप जुन्या वळणाचें आहे, लढाया लांबतात, असे आक्षेप आले. पण स्तुति कशाची झाली? आरंभींच दोन वस्त्या एकदम मदतीसाठीं हांका मारतात. एकीकडे जावें तर दुसरी बुडते, आणि तिच्या शेवटच्या हांका बिनतारी यंत्रावर ऐकत वाट चालावी लागते. १९९७ मध्यें जें जाचक वाटलें होतें त्याच जातीचें हें बंधन. या वेळीं परीक्षकांनीं त्यास धाडस म्हटलें. पुढें २०२३ मध्यें 'बॉल्डर्स गेट'चाच तिसरा भाग चक्क पाळीपाळीच्या लढाईचा निघाला आणि त्या वर्षाचे मोठमोठे मान त्यासच मिळाले.

पहिला फॉलआउट आजहि अल्प किंमतींत मिळतो व साध्या संगणकावर चालतो. मात्र मिळते ती दुरुस्त केलेली प्रत. पांचशें दिवसांचें तें घड्याळ चालतांना पाहावयाचें असेल तर १९९७ ची मूळ तबकडीच कोणाकडून तरी मिळवावी लागते.